नंबर टाकलेली झाडं

दौलतगंज, ग्वाल्हेर
१४ जून २०२५

ती. अनसूया मावशी,

नमस्कार. आई म्हणाली की ऐकू येईनासं झाल्यापासून तुम्ही फोन घेत नाही, पण ईमेलला उत्तर नक्की देता, म्हणून धीर करून लिहिते आहे. मी अश्लेषा, तुमच्या चुलत बहिणीची, लीलाची धाकटी. नागपूरच्या लग्नात मी तुमच्या शेजारी जेवायला बसले होते आणि या पंगतीत डावखुरे किती असतील, असं तुम्ही मला विचारलं होतं. माझा अंदाज साफ चुकला होता.

मी इथे पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. सरांनी ग्रुप प्रोजेक्ट दिला आहे. निसर्गातली एखादी गोष्ट मोजायची, आकड्यांचं विश्लेषण करायचं आणि त्यातून काहीतरी सिद्ध करून दाखवायचं. त्याआधी आराखडा द्यायचा आहे आणि आमचं गाडं तिथेच अडलंय. आम्ही तिघं आहोत. रोज कॅन्टीनमध्ये बसतो, भांडतो आणि उठतो. उत्कर्ष म्हणतो, इंटरनेटवर तयार आकडे पडलेत, ते घेऊन आठवड्यात काम उरकू. त्याची घरची धान्याची पेढी आहे दाल बाज़ारात, त्याला दुपारी तिथे बसावं लागतं. अंशुल म्हणतो, करायचं तर माझ्या गल्लीतल्या बगळ्यांवर, नाहीतर माझं नाव काढा.

अंशुल हजीऱ्याला राहतो, बंद पडलेल्या मिलच्या क्वार्टरमध्ये. मराठीच आहेत ते लोक, पणजोबा फौजेत होते. आई लहानपणी गेली, आत्याने वाढवलं. त्यांच्या गल्लीत चिंचा, पिंपळ, कडुनिंब आहेत आणि पावसाळ्यात त्यांवर बगळ्यांची शेकडो घरटी होतात. गल्लीतल्या लोकांना ते नकोसे झालेत. कपडे वाळत घालता येत नाहीत, दारात मासे आणि मेलेली पिल्लं पडतात, वास येतो. लोक डबे वाजवतात, फटाके लावतात. झाडं तोडा म्हणून कितीतरी अर्ज गेलेत आणि ते लिहिण्यात पुढे कोण, तर अंशुलची आत्या, कुसुमताई. त्यांना दमा आहे.

अंशुलचं म्हणणं, आज ना उद्या कोणीतरी तो अर्ज मंजूर करणार. त्याआधी आपण वनविभागाला आकडे दाखवले तर झाडं वाचतील. आकड्यांशिवाय आपलं कोणी ऐकणार नाही. मला त्याचं पटतं, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. मी फार परेशान आहे मावशी. तुम्ही इतकी वर्षं संख्याशास्त्र शिकवलंत, आम्हाला रस्ता दाखवा.

तुमची
अश्लेषा

सांगली
१९ जून २०२५

चि. अश्लेषा,

तू त्या पंगतीत आठ म्हणालीस आणि होते दोघेच, पण नंतर तू ताटावरून उठून स्वतः मोजून आलीस. ते मला आवडलं होतं. बाकी त्या लग्नातलं मला काहीच आठवत नाही, बासुंदी सोडून.

उत्कर्षला आळशी म्हणून सोडू नकोस. पेढीवर वाढलेल्या मुलाला मोजण्याची सवय असते, त्याला फक्त उन्हात उभं करायला हवं. अंशुलचं उलट. त्याचा जीव अडकलाय. ज्याचा जीव अडकलेला असतो तो हवं तेच मोजतो, म्हणून प्रत्येक झाड दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि नंतरच एकमेकांना आकडा सांगायचा. प्रश्न एकच ठेवा. 'बगळ्यांचं काय होतं' या चहावरच्या गप्पा झाल्या. कोणत्या झाडावर किती घरटी, त्यातून किती पिल्लं उडाली, आणि लोकांच्या डबे वाजवण्याने त्यात काही फरक पडतो का, एवढं पुष्कळ आहे.

आता नीट वाच. झाडांना नंबर द्या, आणि ते वहीत नकोत, खोडावर हवेत. आज तू जिला मोठी चिंच म्हणतेस तिला उत्कर्ष नळाजवळची म्हणेल, आणि दोन फेऱ्यांनंतर तुमचं सगळं मोजलेलं पाण्यात जाईल. ज्या झाडांवर घरटी नाहीत त्यांनाही नंबर द्या. नुसती भरलेली झाडं मोजली तर तुलना कशाशी करणार? आणि गल्लीत हेतू सांगू नका. आपल्याकडे कोणी बघतंय हे कळलं की माणसं वागणं बदलतात. डबे वाजवणारा लाजून थांबेल किंवा हट्टाने दुप्पट वाजवेल, आणि तुमचा प्रश्नच मरेल. कोणी विचारलं तर सर्वे चाललाय म्हणा. ते काही खोटं नाही.

निराश होऊ नकोस. आराखडा करताना सगळेच भांडतात. आमच्या विभागात तर चहाच्या वर्गणीवरून दोन वर्षं अबोला होता. जे ठरेल ते लिही, मला इथे बहिरेपणाच्या यंत्राशी झगडण्यापलीकडे काम नाही.

तुझी
अनसूया मावशी

ग्वाल्हेर
७ जुलै २०२५

ती. मावशी,

तुमचं पत्र मी दोघांना वाचून दाखवलं, उत्कर्षला हिंदीत समजावून. उत्कर्ष पेढीच्या उल्लेखाने इतका फुगला की रविवारी आमच्या आधी हजीऱ्याला हजर. येताना त्याने पेढीवरचे पत्र्याचे साचे आणले होते, पोत्यांवर आकडे छापायला वापरतात ते. खोडावर साचा धरायचा आणि वरून पांढऱ्या ऑइल पेंटचा ब्रश फिरवायचा. इतके सुबक नंबर आले की मी फोटो काढला, सोबत जोडला आहे. गल्लीच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकूण एकोणीस झाडं झाली, घरटी असलेली आणि नसलेलीही.

मला भीती होती की लोक अडवतील. उलटंच झालं. कोणी खुर्ची आणून दिली, कोणी पाणी. कोपऱ्यावर कपड्यांना इस्त्री करणाऱ्या प्रेसवाल्याने स्वतः बोलावून त्याच्या दुकानासमोरचा कडुनिंब दाखवला, म्हणाला याच्यावरपण नंबर टाका. त्या झाडावर एकही घरटं नाही, तुलनेसाठी आम्हाला अगदी हवं तसं होतं, म्हणून टाकला. कुसुमताईंनी आम्हाला पोहे केले. मला वाटलं होतं त्या तापट असतील, पण फार माया केली त्यांनी. जिना चढताना थांबून थांबून श्वास घेतात, बघवत नाही. त्यांनी विचारलं की हे कधीपर्यंत होऊन जाईल. मी म्हटलं, सप्टेंबरपर्यंत. त्यांचा चेहरा जरा पडला, म्हणाल्या, इतका वेळ लागतो का गं? मी म्हटलं, नियमाने करायचं तर लागतो.

एक गोष्ट मनाला लागून आहे. अंशुलला आत्यापासून लपवणं जड जातंय. तो मला म्हणाला, घरात एकाच ताटात जेवतो आम्ही, तिला तरी सांगू दे. मी नको म्हटलं. तुम्ही हेतू सांगू नका असं लिहिलं होतं, आणि अर्ज लिहिणाऱ्यांत त्याच सगळ्यांत पुढे आहेत. मी बरोबर केलं ना?

आराखडा सरांनी मंजूर केला. पहिल्यांदाच त्यांनी कुणाच्या आराखड्यावर लाल पेनने काही लिहिलं नाही.

तुमची
अश्लेषा

सांगली
१२ जुलै २०२५

चि. अश्लेषा,

फोटो पाहिला. तेरा नंबरच्या पिंपळाचा नंबर तर एखाद्या सरकारी खात्याने टाकल्यासारखा आहे. उत्कर्षच्या पेढीला माझा नमस्कार सांग.

आत्याच्या बाबतीत तू बरोबर केलंस. जी बाई अर्ज लिहिते तीच तुमच्या प्रश्नाच्या मध्यभागी आहे, तिला हेतू सांगितला तर गल्लीला सांगितल्यासारखंच होईल. अंशुलला म्हणावं, सप्टेंबरमध्ये मोजणी संपली की आत्याला सगळं सांग, तिच्या पाया पड आणि शिव्याही खा. तोवर तोंड बंद.

लोक मदत करतायत हे वाचून मला खरंच बरं वाटलं. आपल्याकडे सर्वे म्हटलं की दार लावून घेतात. तुमच्या चेहऱ्यांत काहीतरी असेल. आता मोजायला लागा आणि पहिली फेरी झाली की मला तक्ता पाठव. मी चुका काढीन, मला ते फार आवडतं.

मावशी

ग्वाल्हेर
३० जुलै २०२५

ती. मावशी,

तक्ता जोडला आहे, चुका काढा. माझ्या आणि अंशुलच्या मोजणीत फरक येतो तो बहुतेक सात नंबरच्या चिंचेवर. तिच्यावर इतकी गर्दी आहे की घरट्याखाली घरटं आहे. अंशुल खालून नुसतं बघून सांगतो की हे गायबगळ्याचं, ते ढोकरीचं. पिल्लं बाहेर आलीत. ती इतकी कुरूप आणि भांडखोर आहेत की उत्कर्षने त्यांना आमच्या वर्गातल्यांची नावं दिली आहेत. तो आता पेढीवर दांडी मारून येतो. आम्ही तिघं सोबत बसून आलेख काढतो आहोत, कोणी कुणावर ओरडत नाही. मला वाटायचं माझ्यात काही करायची ताकदच नाही. या महिन्यात तसं वाटलं नाही.

एक विचित्र गोष्ट झाली आहे आणि ती तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने वाईट आहे, पण मला तिचा आनंदच झाला. या वर्षी गल्लीत एकदाही डबा वाजला नाही. फटाके नाहीत, दगड नाहीत. दारासमोर घाण पडते ती बायका निमूट झाडून टाकतात. मी कुसुमताईंना विचारलं तर म्हणाल्या, जाऊ दे गं, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, आता त्यांना कशाला छळायचं. अंशुलचे डोळे भरून आले. तो म्हणाला, इतक्या वर्षांत आत्याच्या तोंडून असं कधी ऐकलं नव्हतं. आमच्यामुळे लोकांचं मन बदलत असेल का मावशी? मोजताना बघून बघून?

राखीला अंशुल झाशीला बहिणीकडे जाणार आहे आणि उत्कर्षची पेढी सणाच्या गडबडीत आहे, म्हणून पुढची फेरी त्यानंतर. तोवर मोठी पिल्लं उडायला लागतील.

तुमची
अश्लेषा

सांगली
१८ ऑगस्ट २०२५

चि. अश्लेषा,

राखी झाली, स्वातंत्र्यदिन झाला, दुसरी फेरी कुठे आहे? सात नंबरच्या चिंचेवर मी तीन चुका काढून ठेवल्या आहेत आणि तुला त्या सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. किती पिल्लं उडाली ते सांग. आजारी असलीस तर तेही कळव.

मावशी

ग्वाल्हेर
२४ ऑगस्ट २०२५

ती. मावशी,

उत्तराला उशीर झाला, माफ करा. मी ठीक आहे. आम्ही प्रोजेक्ट थोडा बदलायचा विचार करतो आहोत, उत्कर्ष म्हणायचा तसे तयार आकडे घेऊन. वेळ कमी आहे म्हणून. तुम्ही काढलेल्या चुकांची आता गरज पडणार नाही. परीक्षेनंतर सविस्तर लिहीन. तुमच्या तब्येतीला जपा.

अश्लेषा

सांगली
२५ ऑगस्ट २०२५

अश्लेषा,

तुझ्या पत्रात एकही आकडा नाही, एकाही पक्ष्याचं नाव नाही आणि अंशुल तर जसा जगातूनच नाहीसा झालाय. 'तुमच्या तब्येतीला जपा' हे तर तू कधीच लिहिलं नव्हतंस. मी बहिरी आहे, पण पत्र वाचता येतं मला.

तिघांत भांडण झालं असेल तर सांग. आकडे बनवून लिहिले असतील तरी सांग, मी रागावेन आणि मग सोडून देईन. काहीतरी लपवून माझ्याशी गोड बोलू नकोस. ते मला सहन होत नाही.

मावशी

ग्वाल्हेर
३१ ऑगस्ट २०२५

ती. मावशी,

झाडं तोडली. सगळी, एकोणीसच्या एकोणीस.

मी हे तुम्हाला कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. अंशुल झाशीला असताना विजेच्या तारांना लागणाऱ्या फांद्या छाटायला ठेकेदाराची माणसं गल्लीत आली. त्यांना फक्त फांद्या छाटायच्या होत्या. त्यांनी खोडांवरचे नंबर पाहिले, तोडायच्या झाडांवर वनविभाग टाकतो तसे, आणि विचारलं, कटाईचा सर्वे होऊन गेला काय. लोक म्हणाले, हो, कधीच झाला, आम्ही वाटच बघत होतो. कुसुमताईंनी स्वतः खाली उतरून त्यांना एकेक झाड दाखवलं. नंबर होता म्हणून प्रेसवाल्याचा कडुनिंबही गेला. काम दोन दिवस चाललं. माणसांना चहा दिला, जेवण दिलं. आम्हाला पोहे दिले होते तसंच.

म्हणजे त्या दिवशी आमचं काम म्हणजे कटाईचा सर्वेच, असं सगळ्यांनी समजून घेतलं होतं. खुर्च्या त्याच्यासाठी होत्या. डबे त्याच्यामुळे थांबले. 'कधीपर्यंत होऊन जाईल' हे कुसुमताई कशाबद्दल विचारत होत्या आणि मी काय उत्तर देत होते, ते आठवलं की मला स्वतःला कुठेतरी आपटून घ्यावंसं वाटतं.

अंशुल परत आला तेव्हा गल्लीच्या तोंडाशी लोकांनी त्याला हार घातला. मी आणि उत्कर्ष दुसऱ्या दिवशी गेलो. खोडं पडलेली होती, काहींवर नंबर वरच्या बाजूला. बहुतेक पिल्लं आधीच गाडीत भरून नेली होती. जी जिवंत सापडली ती अंशुलने खोक्यांत ठेवून घरी आणली होती, आम्ही बसलो होतो तेवढ्या वेळात त्यातली शेवटचीही गेली. कुसुमताईंनी बेसनाचे लाडू केले होते. माझ्या हातात लाडू ठेवून त्या म्हणाल्या, "आमच्या पोराने करून दाखवलं. इतक्या वर्षांत किती अर्ज्या दिल्या आम्ही, कोणी नाही पाहिलं. याने नंबर टाकले आणि महिन्यात काम झालं. तीन दिवसांपासून मी आडवी होऊन झोपते आहे गं, नाहीतर बसूनच रात्र काढायचे."

अंशुल समोर बसून लाडू खात होता. त्याने पूर्ण खाल्ला. आम्हाला सोडायला बाहेर आला तेव्हा एवढंच म्हणाला, "आत्या को कभी मत बताना।" त्यानंतर तो कॉलेजला आलेला नाही, फोनही उचलत नाही.

सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले की याच्याकडे दुसऱ्या बाजूने बघा. तुमच्याकडे तोडण्याआधीचे आकडे आहेत, असं कुणाकडे नसतं, पुढच्या वर्षी पुन्हा मोजा, चांगला शोधनिबंध होईल. आता प्रोजेक्ट तोच आहे. 'वसाहतीवर वृक्षतोडीचा परिणाम.' मी तुम्हाला तयार आकड्यांचं लिहिलं ते खोटं होतं.

मला कशातच अर्थ वाटत नाही मावशी. आम्ही काही केलं नसतं तर त्या लोकांनी फांद्याच छाटल्या असत्या. तुमचा यात काही दोष नाही.

अश्लेषा

सांगली
६ सप्टेंबर २०२५

चि. अश्लेषा,

तुझं पत्र आल्यापासून रोज उत्तर लिहायला बसते आणि पुसते. शेवटचं वाक्य तू माझ्यावरच्या मायेने लिहिलंस, पण ते खरं नाही. खोडावर नंबर टाका, हे मी लिहिलं. रिकाम्या झाडांनाही टाका, हे मी लिहिलं. हेतू सांगू नका, आत्याला तर नाहीच, हेही मीच. त्या मुलाने तुला विचारलं होतं, तिला तरी सांगू दे म्हणून, आणि मी त्याचं तोंड बंद केलं, वर विनोदही केला. पुस्तकात यातलं प्रत्येक वाक्य बरोबर आहे. मी आजही वर्गात उभी राहिले तर हेच शिकवीन, आणि तेच मला सहन होत नाही. चूक शोधायला गेलं तर कुठेच सापडत नाही. नुसतं त्या बाईला एकदा नीट सांगितलं असतं तर ती भांडली असती, ओरडली असती, आणि झाडं उभी राहिली असती.

मी तुझं सांत्वन करणार नाही. माझ्याकडे ते नाही. माझ्या हातून आयुष्यात इतकं वाईट काही झालं असेल तर मला ते माहीत नाही.

आणखी सल्ला द्यायचा मला अधिकार उरलेला नाही. तरीही एक मागते. अहवालात पद्धतीचं प्रकरण असतं, त्यात लिहा की झाडांवर नंबर आम्ही टाकले, हेतू लपवला, आणि त्या नंबरांमुळेच झाडं तोडली गेली. साध्या शब्दांत. नाहीतर तुमच्या तक्त्यातलं ते 'आधी' आणि 'नंतर' म्हणजे कुणी तिसऱ्यानेच झाडं तोडल्यासारखं दिसेल. कुसुमताईंना सांगावं की नाही हे मला कळत नाही. त्या झोपतात आता. मी रोज विचार करते त्याचा.

अंशुलची बातमी कळली तर लिही.

मावशी

ग्वाल्हेर
१२ ऑक्टोबर २०२५

ती. मावशी,

तुम्ही सांगितलं तसं मी लिहिलं. चार ओळी होत्या. उत्कर्षने वाचून मान हलवली, त्याला मान्य होत्या. सरांनी त्या काढायला लावल्या. म्हणाले, पद्धतीत भावना घालत नाहीत, आणि कॉलेजचं नाव येतं. मी भांडले नाही. भांडायला हवं होतं हे तुम्ही लिहिणार हे मला माहीत आहे, पण माझ्यात तेवढं बळ राहिलं नव्हतं. अहवाल गेला. आम्हाला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. सादरीकरणाच्या दिवशी अंशुलची खुर्ची रिकामी होती. त्याने कॉलेज सोडलं, झाशीला मेहुण्याच्या दुकानात बसतो. कुसुमताई सगळ्यांना सांगतात की पोराला बाहेर चांगलं काम लागलं. त्यांनी मला दिवाळीला बोलावलं आहे. मला जायचं नाही आणि न जाण्याचं कारण सांगता येत नाही.

मी हे पत्र इथेच संपवणार होते, पण परवा रघुनाथराव म्हणून एक गृहस्थ आमच्याकडे आले. बाबांच्या ओळखीचे, हजीऱ्यालाच पलीकडच्या वस्तीत राहतात. पेढे घेऊन आले होते. त्यांच्या घरामागे मोठा पिंपळ आहे, त्यावर वटवाघळं लटकतात. आठ वर्षं अर्ज देऊन थकले. कुसुमताईंच्या गल्लीचं ऐकून आले होते की दौलतगंजातल्या एका मुलीने नंबर टाकले आणि काम झालं. बाबांनी मला बाहेर बोलावलं. मी त्यांना सगळं सांगितलं, मावशी. पहिल्यापासून. आम्ही कॉलेजची मुलं होतो, आम्ही झाडं वाचवायला गेलो होतो, नंबर मोजणीसाठी होते, त्यांना काही किंमत नव्हती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते ठीक आहे बेटा. पण आमच्याकडे कधी येशील?"

मी नाही म्हटलं. ते पेढे ठेवून गेले.

आज सकाळी मी तो पिंपळ बघायला गेले. मला वाटलं निदान तिथल्या लोकांशी बोलावं, जे तुम्ही म्हणालात ते, नीट सांगावं आधीच. खोडावर नंबर पडलेला होता. साचा नव्हता, कोणीतरी हातानेच ब्रशने काढला होता, वाकडातिकडा, रंग खाली ओघळलेला. आमचा शेवटचा नंबर एकोणीस होता. इथे वीस लिहिलं होतं. वर वटवाघळं झोपली होती.

मी ओढणीने तो पुसायला लागले. समोरच्या ओट्यावर एक म्हातारी बाई भाजी निवडत होती, ती म्हणाली, "मत छेड़ो बेटी, सरकारी नंबर है।" मी म्हटलं, सरकारी नाही अम्मा, हे नंबर आम्ही टाकायला सुरुवात केली होती, हजीऱ्याच्या त्या गल्लीत, आम्ही कॉलेजचे लोक. ती भाजी बाजूला ठेवून उठली, माझ्याजवळ आली आणि देवाला जोडावेत तसे तिने मला हात जोडले.

अश्लेषा